स्टिअरिंगवरचा गिअर खाली आणायचाय? आधी हिशेब मांडा
जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या स्टिअरिंग कॉलमवरचा गिअर लिव्हर काढून दोन सीटच्या मध्ये बसवून घ्यायचा, हे बाहेरून पाहणाऱ्याला सोपे काम वाटते. लिव्हर आणला, बसवला, झाले. गॅरेजमध्ये गाडी उभी राहिली की खरा खर्च कळतो. लिव्हरची किंमत एकूण बिलाच्या निम्म्याहून कमीच असते. बाकीचे पैसे केबल, ब्रॅकेट, स्विच, वायरिंग, मजुरी आणि आतल्या सजावटीत जातात.

म्हणून आधी ढोबळ आकडे सांगतो. मूळ कॉलम शिफ्टच नीट दुरुस्त करून घेतला तर साधारण ५ ते १२ हजार रुपये. इथल्या इथे जुळवणी करून फ्लोअर शिफ्टर बसवला तर ३० ते ६० हजार. परदेशी तयार किट मागवून बसवले तर पाऊण लाख ते सव्वा लाख. यात नवी सीट किंवा कन्सोल धरलेले नाही. हे सगळे आकडे बजेट आखण्यासाठी आहेत. गाडीची अवस्था आणि गॅरेज यांनुसार ते खाली-वर होतील, त्यामुळे काम देण्यापूर्वी लेखी कोटेशन घ्याच.

बदल हवा आहे की दुरुस्ती?

फ्लोअर शिफ्टर हवा म्हणणाऱ्या मालकाला खरा त्रास बहुधा वेगळाच असतो. लिव्हर ढिला झालेला असतो, ‘डी’वर टाकला तरी काटा ‘एन’ दाखवतो, ‘पार्क’ नीट लागत नाही, गाडी कधी स्टार्ट होते तर कधी होत नाही. या सगळ्याचे कारण बहुतेक वेळा गिअरबॉक्समध्ये नसते. ते लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सांध्यांमध्ये असते.

कॉलम शिफ्टची रचना अशी असते. लिव्हर फिरवला की स्टिअरिंग कॉलममधली नळी फिरते. नळीच्या तळाशी एक आर्म असतो. त्याला जोडलेला रॉड खाली जातो आणि गिअरबॉक्सच्या बाजूला असलेला सिलेक्टर आर्म पुढे-मागे करतो. प्रत्येक सांध्यावर रबराचा किंवा नायलॉनचा बुश असतो. चाळीस-पन्नास वर्षांत तो कडक होतो, चिरतो आणि शेवटी गळून पडतो. एकेका सांध्यावर दोन-तीन मिलिमीटरचा खेळ आला की सगळा मिळून लिव्हर एक अख्खे घर चुकतो.

तपासणी घरच्या घरी करता येते. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून अडण्या लावा. खाली जायचे असेल तर गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. आत बसलेल्या माणसाला लिव्हर एकेक घर सावकाश सरकवायला सांगा आणि तुम्ही गिअरबॉक्सवरचा सिलेक्टर आर्म बघा. लिव्हर हलला आणि आर्म उशिरा हलला, तर बुश गेले आहेत. आता रॉड सोडवून आर्म हातानेच फिरवून बघा. प्रत्येक घरात स्पष्ट ‘टक्’ जाणवला, तर गिअरबॉक्सची बाजू ठणठणीत आहे.

अशा वेळी भोसरीतला किंवा चिंचवडमधला कुठलाही चांगला टर्नर नमुना पाहून नायलॉनचे बुश करून देतो. बुश आणि पिना मिळून एक-दोन हजार, कॉलम उतरवून साफसफाई, ग्रीस आणि अॅडजस्टमेंट यांची मजुरी तीन ते सहा हजार, शिवाय सिलेक्टर शाफ्टचे ऑइल सील गळत असेल तर तेही त्याच फेरीत बदलून घ्यावे. एवढ्यावर लिव्हर पुन्हा घट्ट आणि नेमका चालू लागतो. निम्म्याहून अधिक मालकांचे काम इथेच संपावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या गाडीत काय आहे, ते ओळखा

फ्लोअर शिफ्टरच हवा असेल, तर गिअरबॉक्सचे नाव कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ ते १९५४ गाड्या जोडल्या आणि प्रीमिअरने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. पण त्यांतल्या बहुतेकांना हातानेच गिअर टाकावे लागतात. आपल्याकडे दिसणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्या म्हणजे प्रामुख्याने बाहेरून आलेल्या शेव्हरले इम्पाला, डॉज, ब्यूक अशा अमेरिकन गाड्या आणि मर्सिडीज.

शेव्हरलेच्या १९५० ते १९७३ या काळातल्या गाड्यांत पॉवरग्लाइड हा दोन स्पीडचा गिअरबॉक्स असू शकतो. जनरल मोटर्सचाच टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा १९६४मध्ये आला आणि ३५० हा १९६९ मॉडेलपासून. दोन्ही तीन स्पीडचे. क्रायस्लर घराण्यातल्या गाड्यांत टॉर्कफ्लाइट असतो आणि १९५६ ते १९६४ या काळात त्यांच्या बऱ्याच गाड्यांना लिव्हरऐवजी डॅशबोर्डवर बटणे होती. बटणांची गाडी असेल तर फ्लोअर शिफ्टरचा नाद सोडा. ती बटणेच त्या गाडीची ओळख आहेत आणि ती यंत्रणा काढल्यावर काम कितीतरी पटीने वाढते.

घरांची संख्या हा इथला मुख्य मुद्दा आहे. पॉवरग्लाइडला पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह आणि लो अशी पाच घरे. तीन स्पीडच्या गिअरबॉक्सला एक घर जास्त. सहा घरांचा लिव्हर पाच घरांच्या गिअरबॉक्सला लावला तर पट्टीवरचे अक्षर आणि प्रत्यक्ष गिअर यांचा मेळ बसत नाही. शिवाय १९५०च्या दशकातल्या काही गिअरबॉक्सांत घरांचा क्रमच वेगळा आहे, रिव्हर्स अगदी टोकाला आहे. अशा गाडीला आजच्या क्रमाचा लिव्हर लावणे सरळसरळ धोक्याचे.

मर्सिडीजवाल्यांचे काम त्या मानाने सोपे. डब्ल्यू ११५ आणि डब्ल्यू १२३ मालिकेत कंपनीचीच फ्लोअर शिफ्टची रचना आहे. त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीचा लिव्हर, रॉड आणि ब्रॅकेट एकत्र मिळाले, तर बाहेरचे किट शोधायची गरज नाही. पिंपरीत टेल्कोच्या आवारात १९९५पासून जोडली गेलेली डब्ल्यू १२४ फ्लोअर गिअरचीच आहे, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

पद्मिनी आणि अॅम्बेसेडर यांच्या मालकांसाठी वेगळी सूचना. या गाड्यांचा कॉलम गिअर ऑटोमॅटिक नाही, क्लच दाबून टाकायचा आहे. त्यांना फ्लोअर गिअर करायचा म्हणजे नुसता लिव्हर हलवायचा नसतो. गिअरबॉक्सचे सिलेक्टर कव्हर किंवा अख्खा गिअरबॉक्सच बदलावा लागतो, कधी प्रॉपेलर शाफ्टची लांबीही. पद्मिनीच्या शेवटच्या काळातल्या मॉडेलमध्ये आणि १९९०च्या दशकात आलेल्या इसुझू इंजिनच्या अॅम्बेसेडरमध्ये कंपनीने फ्लोअर गिअर दिला, तोही वेगळ्या गिअरबॉक्ससह. त्या कामासाठी २५ ते ५० हजारांचे बजेट धरा आणि खालचा कायद्याचा भाग आधी वाचा.

वाट पहिली: इथली जुळवणी

एखाद्या जुन्या जपानी ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर घ्यायचा, गिअरबॉक्सपर्यंत नव्या मापाची पुश-पुल केबल करून घ्यायची आणि दोन्ही टोकांना ब्रॅकेट बनवून घ्यायचे, ही सर्वांत जास्त चालणारी पद्धत. पुश-पुल केबल म्हणजे ढकलते आणि ओढतेही अशी केबल. बस आणि ट्रकच्या गिअरसाठी ती वापरली जाते, त्यामुळे पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ती नवलाईची वस्तू नाही. खर्चाची मांडणी अशी:

- जुना लिव्हर, पट्टी आणि नॉबसह: ३,००० ते ८,०००
- मापाने बनवलेली केबल: ३,००० ते ६,०००
- ब्रॅकेट, लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग: ४,००० ते ८,०००
- न्यूट्रल स्विच, रिव्हर्स लाइटचा स्विच, वायरिंग: २,००० ते ४,०००
- कॉलमवरची जागा बंद करणे, काटा स्थिर करणे: २,००० ते ४,०००
- फिटिंग आणि अॅडजस्टमेंटची मजुरी: १२,००० ते २०,०००

बेरीज २६ ते ५० हजार. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी धरला की तीस ते साठ हजारांपर्यंत जाते.

या पद्धतीत फसवणारी गोष्ट म्हणजे केबलची चाल. समजा, लिव्हर एका घरातून दुसऱ्यात जाताना केबल १५ मिलिमीटर सरकवतो आणि गिअरबॉक्सच्या आर्मला तेवढ्यासाठी १२ मिलिमीटरच लागतात. पहिल्या घरात ३ मिलिमीटरचा फरक पडतो, तिसऱ्या घरापर्यंत तो ९ होतो आणि ‘ड्राइव्ह’ दोन घरांच्या मध्ये अडकतो. असा अर्धवट लागलेला गिअर आतल्या क्लच प्लेट जाळतो आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचे बिल फ्लोअर शिफ्टरच्या बिलापेक्षा मोठे येते. उपाय सोपा आहे. गिअरबॉक्सच्या आर्मवर केबल जोडायचे छिद्र शाफ्टपासून थोडे दूर किंवा जवळ घेतले की चाल जुळते. चांगला फिटर आधी दोन्हीकडची चाल स्केलने मोजतो, कागदावर मांडतो आणि मगच ड्रिल मारतो. मोजमाप न करता थेट वेल्डिंगचा होल्डर हातात घेणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

वाट दुसरी: परदेशी किट

अमेरिकेत लोकार, बी अँड एम, हर्स्ट या कंपन्या खास जुन्या गाड्यांसाठी फ्लोअर शिफ्टर बनवतात. गिअरबॉक्सच्या नावानुसार किट मिळते, त्यात लिव्हर, केबल किंवा रॉड, ब्रॅकेट आणि बऱ्याचदा न्यूट्रल स्विचही असतो. चाल आधीच जुळवलेली असते, हा मोठा फायदा.

हिशेब असा मांडा. किट ३५० ते ४५० डॉलरचे धरले आणि डॉलर ९० रुपयांचा धरला, तर ३२ ते ४० हजार. वजनदार पेटीचे कुरिअर ८ ते १४ हजार. सीमाशुल्क आणि आयातीवरचा जीएसटी मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास रक्कम बाजूला ठेवा. तो कर मालाच्या किमतीवरच नव्हे, वाहतूक खर्चासह एकूण रकमेवर लागतो. म्हणजे पेटी घरी येईपर्यंत ५६ ते ७६ हजार झाले. त्यावर वायरिंग, कॉलमचे काम आणि फिटिंग १८ ते ३२ हजार आणि त्यावरचा जीएसटी. गाडीच्या जुनेपणामुळे एखादे वाढीव काम निघतेच, त्यासाठी दहा टक्के राखून ठेवा. सव्वा लाखाचा आकडा असा येतो.

सप्टेंबर २०२५मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या कोटेशनवर हिशेब करत असाल तर तो नव्याने करा. आणि मागणी नोंदवण्यापूर्वी कुरिअर कंपनीकडून कराचा अंदाज लेखी घ्या. पार्सल अडकल्यावर घासाघीस करता येत नाही.

जिथे काटकसर करायची नाही

पहिली गोष्ट न्यूट्रल स्विच. गाडी फक्त ‘पार्क’ आणि ‘न्यूट्रल’मध्येच स्टार्ट व्हावी, यासाठी तो असतो. अनेक जुन्या गाड्यांत तो कॉलमच्या तळाशी असतो. लिव्हर खाली आणला की तो निकामी होतो आणि घाईतला वायरिंगवाला दोन वायरी एकत्र जोडून मोकळा होतो. मग गाडी ‘ड्राइव्ह’मध्येही स्टार्ट होते आणि चावी फिरवताच उडी मारते. समोर भिंत असो वा मूल, ती थांबत नाही. नवा स्विच आणि त्याचे काम मिळून चार हजारांच्या आत होते. हे काम कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

दुसरी गोष्ट केबलचा मार्ग. केबल सायलेन्सरच्या पाइपापासून लांब हवी, वळणे मोठी हवीत, जिथे पर्याय नाही तिथे उष्णतारोधक बाही हवी. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत मे महिन्यात अर्धा तास अडकलेल्या गाडीखालचे तापमान डोळ्यांसमोर ठेवून हा मार्ग आखायचा असतो. केबलचे आतले अस्तर वितळले की लिव्हर जागच्या जागी अडकतो.

तिसरी गोष्ट चावीची. जनरल मोटर्सच्या १९६९पासूनच्या गाड्यांत चावी कॉलमवर आली आणि तिचे कुलूप गिअरच्या नळीशी जोडले गेले. कॉलम ‘पार्क’ला नसेल तर चावी निघत नाही. फ्लोअर शिफ्टर लावताना ती नळी योग्य जागी पक्की करून घ्यावी लागते, नाहीतर चावी अडकते किंवा चालत्या गाडीत नळी हलून कुलूप मध्येच अडायची भीती राहते.

चौथी गोष्ट किकडाउनचा रॉड किंवा केबल. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर लावणाऱ्या या जोडणीला शिफ्टरच्या कामात हमखास धक्का लागतो. काम सुरू होण्यापूर्वी तिचा फोटो काढून ठेवा आणि संपल्यावर ताडून बघा.

या पट्ट्यात काम कसे करून घ्यावे

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यासारखी सोय जुन्या गाडीवाल्याला फार कमी ठिकाणी मिळते. लेथ, लेझर कटिंग, सीएनसी बेंडिंग, झिंक प्लेटिंग, पावडर कोटिंग, सगळे पाच-दहा किलोमीटरच्या आत. अडचण एवढीच की ही वर्कशॉप हजारोंच्या संख्येत भाग काढण्यासाठी उभी आहेत, तुमचा एकच ब्रॅकेट त्यांच्या कामात बसत नाही. त्यामुळे जाताना पुठ्ठ्याचा नमुना कापून, त्यावर छिद्रांची मापे लिहून न्या. ३ मिलिमीटर माइल्ड स्टीलची पट्टी हवी, हे स्पष्ट सांगा. दुसऱ्या कुणाच्या शीटवर उरलेल्या जागेत तुमचा भाग कापून देणारा भेटला तर कामही स्वस्तात होते. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते, हे लक्षात ठेवून फेरी आखा. महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई असते, तेव्हा छोटे काम मागे पडते.

बोल्टची जात आधी सांगा. अमेरिकन गाड्यांचे आटे इंची असतात, मर्सिडीज आणि पद्मिनीचे मेट्रिक. इंची छिद्रात मेट्रिक बोल्ट जोर लावून बसवला की गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियमच्या कवचाचे आटे कायमचे जातात.

वापरलेल्या भागांचे सांगायचे तर चिखली-कुदळवाडीतल्या भंगार गोदामांवर फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेची मोठी कारवाई झाली आणि तिथला पसारा उठला. आता पुण्यात नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकाने आणि मंगळवार पेठेतला जुना बाजार, नाहीतर थेट मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाउसचा परिसर. कुठूनही घ्या, पण बिलाशिवाय जुना भाग घेऊ नका. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर त्रास तुम्हालाच होईल.

गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचारा: “स्कॅनर न लावता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कसा तपासता?” चाकणमध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने २००९मध्ये सुरू झाले, त्यामुळे आधुनिक ऑटोमॅटिक जाणणारे हात इथे पुष्कळ आहेत. पण पॉवरग्लाइडला संगणक नाही. तिथे ऑइलचा रंग आणि वास, प्रेशर गेज आणि अनुभवी कान एवढीच साधने. ऑइलची पातळी कशी बघतात, ते कोणत्या प्रतीचे लागते, याचे उत्तर जो न अडखळता देतो, त्याच्याकडे काम द्या.

वेळेचा अंदाज म्हणाल तर इथली जुळवणी दोन ते तीन आठवडे, किटचे फिटिंग आठवडाभर. किट यायला लागणारा वेळ वेगळा धरा आणि पेटी हातात आल्याशिवाय गाडी उघडायला देऊ नका.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

कॉलम शिफ्टच्या गाडीला पुढे सहसा एकच सलग सीट असते. लिव्हर वर असल्यामुळेच मध्ये तिसरा माणूस बसू शकतो. लिव्हर खाली आला की मधली जागा गेली. मग सीट मध्ये कापून दोन बकेट सीट करायचा मोह होतो. चांगला कुशनवाला दोन सीट, कन्सोल आणि कार्पेट यांचे २५ ते ६० हजार सहज घेतो. मूळ सीट कापू नका. ती तशीच काढून, गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. शक्य असेल तर मूळ सीट राहू देऊन तिच्या पुढे बसणारा उंच दांड्याचा लिव्हर निवडा. लोकारसारख्या कंपन्या वेगवेगळ्या लांबीचे दांडे देतात. सीटचा खर्चच वाचेल.

आरटीओ, विमा आणि गाडीचे मूल्य

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात हेच ठामपणे सांगितले. गिअर लिव्हर कुठे आहे याचा उल्लेख आरसीवर नसतो, पण आसनसंख्येचा असतो. सहा आसनांची गाडी बकेट सीट लावून चार-पाच आसनांची केली की प्रश्न उभा राहतो. म्हणून सीट बदलण्यापूर्वी मोशीच्या आरटीओ कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करा.

गाडी पन्नाशीच्या पुढची असेल तर आणखी जपा. केंद्र सरकारच्या १५ जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नोंदणीचे शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणी ५ हजार. अट अशी की चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल केलेला नसावा. फ्लोअर शिफ्टरसाठी दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा, म्हणजे टनेल, कापला, तर बॉडी शेललाच हात लावला असे ठरू शकते. पद्मिनी हे नाव गाडीला १९७४मध्ये मिळाले. म्हणजे पहिल्या पद्मिनीही आता या नोंदणीच्या वयात आल्या आहेत. कटर चालवण्याआधी त्यांच्या मालकांनी हे दोनदा वाचावे.

म्हणून टनेल कापायचा नाही, हा नियम करा. केबलचा शिफ्टर कार्पेटवर ठेवलेल्या प्लेटवर बसतो, त्याला चार बोल्टची छिद्रे पुरतात आणि केबल जुन्या रबरी ग्रोमेटमधून खाली नेता येते. कॉलमचा लिव्हर, रॉड, काटा, स्विच, सगळे भाग पिशवीत घालून, नाव लिहून जपा. उद्या गाडी विकायची वेळ आली तर ती पिशवी नसलेल्या गाडीला जाणकार गिऱ्हाईक कमी भाव देतो. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल दावा नाकारायला निमित्त होतो.

गाडी ताब्यात घेताना

पूर्ण पैसे देण्यापूर्वी या गोष्टी स्वतः करून बघा:

- ब्रेक दाबून ठेवा आणि प्रत्येक घरात चावी फिरवा. स्टार्टर फक्त ‘पार्क’ आणि ‘न्यूट्रल’मध्येच फिरला पाहिजे.
- ‘रिव्हर्स’मध्ये मागचे पांढरे दिवे लागतात का, ते दुसऱ्या माणसाला बघायला सांगा.
- निवांत उतारावर आधी तोंड खाली, मग तोंड वर करून गाडी उभी करा. ‘पार्क’ लावून ब्रेक हळूहळू सोडा. गाडी जरा सरकून ठाम थांबली पाहिजे.
- ‘पार्क’मध्ये चावी निघते आणि कुलूप लागते, याची खात्री करा.
- इंजिन गरम झाल्यावर प्रत्येक घर पुन्हा लावून बघा. थंड असताना जुळलेली केबल गरम झाल्यावर चुकू शकते.
- गाडीखाली वाकून केबलच्या दोन्ही टोकांना स्प्लिट पिन किंवा लॉक नट आहे ना, ते बघा.

दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून झाल्यावर एकदा फुकट तपासणी आणि अॅडजस्टमेंट, ही अट सुरुवातीलाच लिहून घ्या. नवी केबल थोडी बसते, त्यामुळे ही फेरी लागतेच.

बिल आणि तक्रार

आगाऊ रक्कम तीस-चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. सामान वेगळे, मजुरी वेगळी अशी कोटेशनची मांडणी मागा. जुने भाग परत देण्याची अट त्यात लिहा. काम चालू असताना वाढीव काम निघाले तर व्हॉट्सअॅपवर फोटोसह मंजुरी घ्यायला सांगा. तो पुरावा पुढे उपयोगी पडतो. पक्के बिल नसेल तर जीएसटी वाचतो, पण दाद मागण्याचा आधारही जातो. काम निकृष्ट झाले आणि गॅरेज ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही.

शेवटी निर्णय असा घ्या. लिव्हर ढिला आहे एवढीच तक्रार असेल, तर बुश बदला आणि उरलेले पैसे ब्रेक आणि टायरवर लावा. कॉलमचे भाग मिळतच नसतील, किंवा हात-खांद्याच्या दुखण्यामुळे खालचा लिव्हरच सोयीचा पडत असेल, तर केबलचा शिफ्टर लावा. पत्रा कापू नका, न्यूट्रल स्विच वगळू नका आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवा. या तीन अटी मान्य नसलेले गॅरेज कितीही स्वस्त असले, तरी गाडी तिथून परत आणा.